घंटा इकडे, लोलक तिकडे

बोनाकोरची माणसं समतेपायी वेडी होती, हे आमच्या सगळ्या काउंटीला ठाऊक होतं. ती नेमकी किती वेडी होती, हे शोधून काढायचं काम लोरीन तेसियेच्या गळ्यात पडलं.

गळ्यात पडलं असं आपलं ती सांगायची. खरं म्हणजे तिनेच ते हिसकावून घेतलं होतं. साल १९७६. अमेरिकेला दोनशे वर्षं होत होती आणि आयोवातल्या प्रत्येक काउंटीने आपापला इतिहास छापायचा घाट घातला होता. आमच्या इतिहास समितीच्या अध्यक्षीणबाई ओपल हॅन्सन लोरीनच्या पार्लरमध्ये केसांना रोलर लावून घेत बसल्या होत्या आणि स्वीडिश लोकांना सहा पानं, जर्मनांना आठ, असा प्रसाद वाटत होत्या.

"आणि आम्हाला?" लोरीनने विचारलं.

"तुम्हाला काय द्यायचं?" ओपलबाई म्हणाल्या. "शेदोनशे माणसं फ्रान्समधून आली, सगळं सगळ्यांचं म्हणाली, भांडली आणि संपली. एका ओळीत मावतं की."

लोरीनने पुढचा रोलर जरा जास्तच ओढून बसवला. अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी हे बोलणं तिची पाठ सोडत नव्हतं. शाळेत डबा उघडला की पोरं म्हणायची, वाटून खा गं, तू तर बोनाकोरची. तिचा बाप धान्याच्या गोदामावर असले टोमणे हसून सोसायचा आणि घरी येऊन मुकाट बसायचा. त्याच्या नावाने का होईना, एक पान छापून यायला हवं, असं तिला फार वाटायचं.

"एक पान," ती म्हणाली. "अख्खं."

"आधी केस सोड," ओपलबाई म्हणाल्या. "देते. पण चार जुलैला दुपारी सबंध देशात एकाच वेळी घंटा वाजवायच्या आहेत. ज्या गावाची घंटा वाजेल त्या गावाचा फोटो आणि त्यालाच पान, असं समितीचं ठरलंय. तुमची ती घंटा वाजते ना?"

"वाजते की," लोरीन म्हणाली.

ती घंटा नव्वद वर्षांत वाजली नव्हती.

घंटा होती लोरीनच्याच अंगणात. बोनाकोरला चर्च कधीच नव्हतं, देवाशी त्या मंडळींचं फारसं जमत नसे. होतं ते एक मोठं जेवणघर. घंटा झाली की शेतावरची, गोठ्यातली, धुण्यावरची सगळी माणसं येऊन एकाच भांड्यातलं घेवड्याचं सूप पीत. जेवणघर केव्हाच पडलं. घंटेला लोरीन दर वसंतात रंग द्यायची, भोवती पेट्युनिया लावायची. आतून मात्र ती रिकामी होती. लोलकच नव्हता. का नाही, हे तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं, कारण लहानपणापासून ती तशीच होती.

संशोधन म्हटलं की लोक राजधानीतल्या ग्रंथालयात जातात. लोरीनही एकदा गेली, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून परत आली. तिच्याकडे त्याहून बरी सोय होती. गावातली निम्मी म्हातारी डोकी दर आठवड्याला तिच्या हातात असत, आणि डोकं दुसऱ्याच्या हातात असलं की माणूस सहसा खोटं बोलत नाही. तिने एक टेपरेकॉर्डर आणला आणि हेअरस्प्रेच्या डब्याशेजारी ठेवून दिला.

मे महिना संपेपर्यंत तिला सगळं कळलं, आणि कळलं ते ऐकून हसावं की कपाळाला हात लावावा हे कळेना.

बोनाकोर म्हणजे सलोखा. गाव फुटलं ते द्राक्षाच्या एका वेलावरून. कोणीतरी आपल्या खोपटामागे तो लावला होता. थोरली मंडळी म्हणाली, असू दे, सावली पडते. धाकटी म्हणाली, आज एकट्याचा वेल, उद्या एकट्याचा मळा, परवा एकट्याचा राजवाडा. रोज जेवण झालं की सभा, रोज हात वर करून मतदान, आणि रोज मतं समसमान. शेवटी वेगळं व्हायचं ठरलं. मग कोणी काय घ्यायचं यावर मतदान, पुन्हा समसमान. अखेर एकच ठराव असा निघाला की ज्याला एकजात सगळ्यांनी हात वर केले, आणि तोच त्यांना भोवला. जे जे सुटं होण्यासारखं आहे ते ते सुटं करून निम्मं निम्मं घ्यायचं, असा तो ठराव.

म्हणून चूल थोरल्यांकडे गेली आणि चुलीचं दार धाकट्यांकडे. व्हायोलिन ओढ्याच्या अलीकडे राहिलं, त्याचा गज पलीकडे. ज्ञानकोशाचे विषम खंड एका बाजूला आणि सम खंड दुसरीकडे. त्यामुळे तेसियेंच्या घरात पुढच्या दोन पिढ्या ज्वालामुखीवर अधिकाराने बोलायच्या, पण घोड्याला काय खायला घालावं यावर शेजारच्या जर्मनाला विचारायला जायच्या. असे हे लोक. त्यांना जग नव्याने मांडायचं होतं आणि चुलीचं दार कोणाकडे असावं हे त्यांना कळत नव्हतं.

घंटा थोरल्यांना मिळाली. लोलक धाकट्यांना.

हे ऐकलं तेव्हा लोरीन एका म्हातारीच्या केसांना निळसर रंग लावत होती. तिचा हात तसाच थांबला. ओढ्यापलीकडच्या वेंडेल बुशारच्या फाटकाला साखळीने एक लोखंडी वजन टांगलेलं होतं, फाटक आपोआप बंद व्हावं म्हणून. वर निमुळतं, खाली दुधीभोपळ्यासारखं फुगलेलं. अंडी आणायला जाताना ते लोरीनच्या कमरेला शंभरदा लागलं होतं.

दुपारी ती तडक तिकडे गेली. वेंडेल बुशार साठीचा, डुकरं पाळणारा, शाळेत तिच्याच वर्गात होता. डबा उघडल्यावर टोमणे खाणारा तो दुसरा. पण तो धाकट्यांचा आणि ती थोरल्यांची, म्हणून दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसून वेगवेगळे टोमणे खात.

"वेंडेल, हे काय आहे?"

"फाटक. डुकरं बाहेर जाऊ नयेत म्हणून असतं."

"त्याला लटकलंय ते विचारतेय."

"वजन."

"तो माझ्या घंटेचा लोलक आहे."

"तुझी ती घंटा माझ्या लोलकाची आहे असंही म्हणता येईल," वेंडेल म्हणाला. त्याला माहीत होतं तर. घरात लहानपणीच सांगितलेलं असणार.

तिने चार जुलैचं सांगितलं, पानाचं सांगितलं, फोटोचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टोपी मागे सारली. "द्यायला माझी ना नाही. पण सभेचा ठराव आहे. सभेने केलेलं सभाच मोडू शकते."

"कुठली सभा? सभा मेली, माणसं मेली."

"पूर्ण सभा. गाव फुटायच्या आधी जन्मलेल्या सगळ्यांची. तू नाहीस त्यात आणि मीही नाही."

"मग उरलं कोण?"

मग दोघांनीही एकदमच वर ओट्याकडे पाहिलं. तिथे झुलत्या खुर्चीत मेलानीआजी मटार सोलत बसल्या होत्या. वय पंचाण्णव, कानांनी ठार बहिऱ्या.

आणि लोरीनच्या घरी, खालच्या खोलीत, त्यांची थोरली बहीण होती. झेलीआजी, सत्त्याण्णव.

आईबाप एकाच हिवाळ्यात घटसर्पाने गेले तेव्हा या दोघी बोनाकोरच्या झाल्या, म्हणजे सगळ्यांच्या. पुढे झेली तेसियेंकडे वाढली आणि मेलानी बुशारांकडे. लग्नंही आपापल्या बाजूलाच झाली. दोघी एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, असं दोन्ही घरांत ठामपणे सांगितलं जाई. दोघींना कोणी विचारलं नव्हतं.

"त्या दोघींना एकत्र बसव आणि ठराव करून घे," वेंडेल म्हणाला. "मी लोलक खांद्यावर घालून आणून देतो."

हे होणार नाही अशी त्याची खात्री होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ जळून नव्वद वर्षं झाली होती.

लोरीनने घरी येऊन दबकत दबकत विषय काढला. झेलीआजीने पत्ते खाली ठेवले.

"कधी?" तिने विचारलं.

"तुला बरं वाटेल तेव्हा."

"आत्ता बरं वाटतंय. माझी निळी टोपी काढ."

सभा कुठे भरवायची यावरही वाद झाला. थोरल्यांच्या अंगणात नको, धाकट्यांच्या ओट्यावर नको. शेवटी ओढ्यावरच्या पुलाच्या बरोबर मध्यावर दोन खुर्च्या टाकल्या. लोरीनने कठड्यावर टेपरेकॉर्डर ठेवला, इतिहासासाठी. आणि रुमाल काढून हातात धरला, कारण नव्वद वर्षांनी दोन बहिणी भेटणार म्हणजे रडारड होणार.

रुमाल उपयोगी पडला नाही. मेलानीआजी वेंडेलच्या गाडीतून उतरल्या, काठी टेकत आल्या, थोरलीला नखशिखान्त न्याहाळलं आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाल्या. झेलीआजीने तिच्या कानाला तोंड लावून ओरडून उत्तर दिलं. मग दोघी बसल्या आणि बोलायला लागल्या. बाजारातून परत येताना अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे चालू करावं तसं.

"काय म्हणतायत?" वेंडेलने हळूच विचारलं.

"मला काय विचारतोस? शब्दकोशाचा अर्धा भाग तुझ्याकडे आहे."

दोघांच्याही घरातून फ्रेंच केव्हाच गेली होती. तासभर त्यांनी उन्हात उभं राहून ऐकून घेतलं. अखेर लोरीनने घसा खाकरून ठराव वाचला: लोलक घंटेला परत द्यावा. झेलीआजीने हात वर केला, बाजूने. मेलानीआजीने मान हलवली आणि विरुद्ध हात वर केला.

"समसमान," वेंडेल म्हणाला. त्याच्या आवाजात जरा समाधानच होतं. "नियमाप्रमाणे उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी मेलानीआजीने बाजूने हात वर केला. लोरीनचा जीव भांड्यात पडणार, तोच झेलीआजीने विरुद्ध मत दिलं.

"अगं आजी, काल तर तू हो म्हणालीस."

"काल काल होता," झेलीआजी म्हणाली. "रात्री विचार केला."

तिसऱ्या दिवशी झेली हो, मेलानी नाही. चौथ्या दिवशी उलटं. जून सरत आला. पूल अडल्यामुळे ट्रॅक्टर थांबायचे, थांबलेले लोक उतरून बघायचे, बघणारे दुसऱ्या दिवशी घडीच्या खुर्च्या घेऊन यायचे. थोरल्यांच्या बायकांनी रुबार्बच्या आंबट देठांचा केक आणला म्हणून धाकट्यांच्या बायकांनी चेरीचा आणला. मग कोणता बरा हे ठरवायला दोन्ही चाखावे लागले. कोणीतरी दोघींच्या डोक्यावर मोठी छत्री बांधली. आजूबाजूला काय चाललंय याचं त्या दोघींना सुतक नव्हतं. त्या बोलत, हसत, मध्येच एकमेकींच्या मांडीवर चापट मारत, आणि ठरावाची वेळ आली की गंभीर तोंडं करून एकमेकींविरुद्ध हात वर करत.

ओपलबाईंचा फोन आला. "काय गं, वाजते ना?"

"वाजेल," लोरीन म्हणाली.

"वाजेल नको, वाजते म्हण. नाहीतर ते पान जाहिरातीला जाईल, काउंटीच्या डुक्करपालक संघाने घोषवाक्यसुद्धा तयार ठेवलंय."

लोरीनला राग येऊ लागला होता. सत्त्याण्णव वर्षांच्या बाईवर रागवायचं कसं हा प्रश्न होता, पण राग येत होता. इतकी वर्षं जिला आंघोळ घातली, जिच्यासाठी सूप गाळून दिलं, ती आपल्या एका पानासाठी साधा हात वर करत नाही. दोघी एवढ्या भांडतात तरी कशावरून, हे तिला कळायलाच हवं होतं.

हायस्कूलमध्ये फ्रेंच शिकवणाऱ्या मिस केलर बुधवारी केस कापायला यायच्या. लोरीनने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि टेप लावली.

"भांडण कशावरून आहे ते तेवढं सांगा."

मिस केलर थोडं ऐकून हसल्या. "भांडत नाहीत हो. शनिवारच्या आंघोळीचं बोलतायत. मुलांच्या घरात एका टबात दोघी दोघी बसवायचे म्हणे. मेलानीबाई म्हणतायत, तू नेहमी गरम बाजूला बसायचीस."

"घंटेचं?"

"घंटेचं अजून नाही. आता एका कोंबडीचं चाललंय." कात्री चालत राहिली. "हां, इथे आलं. 'आज नाही कोण म्हणणार?' 'काल मी म्हटलं. आज तुझी पाळी.'"

लोरीनने कात्री खाली ठेवली.

"'अजून किती दिवस चालेल असं?' असं धाकट्या विचारतायत. थोरल्या म्हणतात, 'जमेल तितके.' मग धाकट्या..." मिस केलर थांबल्या. त्यांनी हात लांब करून टेप मागे घेतली आणि तेवढाच भाग पुन्हा ऐकला. आता त्या हसत नव्हत्या. "धाकट्या म्हणतात, 'घंटा वाजली की मला घरी नेतील.' थोरल्या म्हणतात, 'म्हणून तर.'"

"पुढे?"

"'आपल्याला सगळ्यात शेवटी वाटलं, आठवतं? भांडीकुंडी झाल्यावर.' 'आठवतं. मी तुझा हात सोडत नव्हते. मग बुशारबाईंनी मला बिस्किट दिलं.' 'मग सोडलास.' 'काय करू, मोठं होतं. दोन्ही हातांनी धरावं लागलं.'"

टेप फिरत राहिली. लोरीनला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. जे जे सुटं होण्यासारखं आहे ते ते. चुलीचं दार तिने किती जणींना हसत हसत सांगितलं होतं. आईबापाविना दोन पोरी होत्या, एक सात वर्षांची आणि एक पाच, त्या वाटणीत आल्याशिवाय कशा राहतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरी वाटायचा विचार मनात येऊन तो न्याय वाटणं, हे बोनाकोरच्या माणसांनाच जमावं. त्यांनी ते वाईट मनाने केलं नव्हतं. कोणावर अन्याय होऊ नये म्हणूनच केलं होतं.

मिस केलरांचे केस त्या दिवशी एका बाजूने आखूडच राहिले.

संध्याकाळी लोरीन झेलीआजीच्या पलंगावर जाऊन बसली. "मिस केलरांनी टेप ऐकली."

"ऐकू दे," झेलीआजी म्हणाली. "त्यांचे उच्चार कसे आहेत?"

"आजी, एवढी वर्षं विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. आठ वर्षांची असताना तुझ्या खापरपणज्याला विचारलं होतं. ते फार भले होते. डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, बाळ, ठराव झालाय. लग्न ठरलं तेव्हा पुन्हा विचारलं. तेव्हाही तेच. मग पोरंबाळं, मग नवऱ्यांची आपसातली खुन्नस. मग टेलिफोन आला, तेव्हा बरं झालं. तू पार्लरला गेलीस की तिला फोन करायचे. रोज. मग तिचे कान गेले."

"मला सांगायचं नाही का?"

"तुला सांगून काय होणार होतं, पोरी? तुम्ही सगळी ठरावाची माणसं. सभा भरवावी लागते, आणि सभा भरवायला तुम्हाला नव्वद वर्षं लागली." तिने पाठीमागची उशी सरळ केली. "तुझं पान जाईल, ठाऊक आहे मला. वाईट वाटतं. पण पान मला तिच्याएवढं लागत नाही."

लोरीनने तिच्या पायांवरची चादर नीट केली. मग ती म्हणाली, "मग उद्या तूच ठराव मांड. तुला अधिकार आहे. मला नाही."

दुसऱ्या दिवशी पुलावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, कारण जुलै उजाडला होता आणि लोकांना शेवट बघायचा होता. लोरीनने लोलकाचा ठराव काढलाच नाही. झेलीआजी काठीवर रेलून उभी राहिली. सभेत बोलायचं तर उभं राहूनच, ही बोनाकोरची रीत होती. या वेळी ती सगळ्यांना कळेल असं बोलली.

"१८८६ सालच्या वाटणीत या गावाने दोन मुली वाटल्या. त्या मुलींचं मत घेतलं नव्हतं, कारण त्या वयात आलेल्या नव्हत्या. आता त्या वयात आल्या आहेत."

लोक हसले. मग हसणं हळूहळू बंद झालं.

"ठराव असा की त्या दोघींना परत एकत्र करावं, आणि मरेपर्यंत कोणी वाटू नये."

मग तिने वाकून हेच सगळं मेलानीआजीच्या कानात फ्रेंचमध्ये ओरडून सांगितलं आणि आपला हात वर केला. मेलानीआजीने दोन्ही हात वर केले.

"आजी, एकच हात," वेंडेल सवयीने म्हणाला. "एका माणसाचं एकच मत." त्यांना ऐकू आलं नाही, आणि त्याने पुन्हा सांगितलं नाही. तो वळला आणि पुलाखाली उतरून ओढ्याच्या काठी जाऊन उभा राहिला.

लोरीन मागोमाग गेली. वेंडेलची आई तो लहान असताना गेली होती, आणि त्याला मेलानीआजीनेच वाढवलं होतं. बायकोही चार वर्षांपूर्वी गेली. आता संध्याकाळी तो ओट्यावर बसून डुकरांचे भाव आजीला सांगायचा.

"तू नेणार तिला," तो म्हणाला. "तुझ्याकडे खालची खोली मोठी आहे. माझ्याकडे पायऱ्या. मला कळतं ते." तो पाण्याकडे बघत होता. "पण मग माझं कोण ऐकणार?"

"तिला कुठे ऐकू येतं?"

"म्हणून तर सगळं सांगता येतं."

लोरीनला त्याची दया आली आणि थोडं हसूही आलं. "रोज संध्याकाळी जेवायला ये," ती म्हणाली. "दोघींना सांग. झेलीआजीला ऐकू येतं, तेव्हा जरा जपून."

सकाळी वेंडेलची गाडी लोरीनच्या दाराशी लागली. मेलानीआजी उतरल्या, मग त्यांची पेटी, मग झुलती खुर्ची. सगळं आत गेल्यावर वेंडेलने गाडीच्या मागून काहीतरी जड खांद्यावर घेतलं आणि पेट्युनिया तुडवत थेट घंटेपाशी गेला.

"अरे, ठराव कुठे झालाय याचा?" लोरीन म्हणाली.

"ठरावाचं मला सांगू नकोस," वेंडेल म्हणाला. "शिडी आण."

"आणि फाटक?"

"दोरीने बांधलंय. डुकरं सुटली तर तुझ्याच अंगणात येतील. घेऊ वाटून."

चार जुलैला ऊन मी म्हणत होतं. थोरले आले, धाकटे आले. दोन्हीकडच्यांनी आपापलं घेवड्याच्या सूपचं भांडं आणलं होतं, आणि दोन्ही सूप एकाच चवीची होती हे मान्य करायला दोन्हीकडचे तयार नव्हते. ओपलबाई फोटोवाल्याला घेऊन आल्या आणि कोणी कुठे उभं राहायचं ते सांगू लागल्या. दूरवर स्वीडिश लोकांची घंटा सुरू झाली, मग जर्मनांची. झेलीआजी आणि मेलानीआजींनी दोरी धरली आणि ओढली.

आवाज काही गोड नव्हता. पालथ्या कढईवर कोणी पळी मारावी तसा होता. पण तो ओढ्यापलीकडे पार बुशारांच्या गोठ्यापर्यंत गेला, आणि जी माणसं नव्वद वर्षं वेगवेगळी जेवत होती ती सगळी तोंड बंद करून उभी राहिली. वेंडेलने टोपी काढली. लोरीनला आपला बाप आठवला.

मेलानीआजीने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि बहिणीला विचारलं, "वाजली?"

झेलीआजीने मान डोलावली.

"मग उभे काय राहिलात?" मेलानीआजी म्हणाल्या. "जेवायची घंटा आहे ती. सूप निवेल."

आणि त्या निघाल्या, झेलीआजीचा हात धरून. ओपलबाई मागून हाका मारत होत्या, फोटो, फोटो, जरा इकडे बघा. कोणी वळलं नाही. तो फोटो तसाच छापला गेला. पान क्रमांक दोनशे अकरा, पुढे घंटा आणि मागे दोन म्हाताऱ्यांच्या पाठी. दुसरा काढू या, असं ओपलबाई दोनदा म्हणाल्या, पण लोरीनने ऐकलं नाही.

टेबलाशी दोन्ही भांडी शेजारी शेजारी ठेवली होती. दोघी बाकावर बसल्या, हात तसाच धरलेला. लोरीनने मेलानीआजीपुढे बिस्किटांची परडी धरली. मेलानीआजींनी वाकून नीट पाहिलं आणि त्यातलं सगळ्यात मोठं उचललं, एकाच हाताने.